नांवें ठेवणारांचीं नांवें

मराठी घरांत मूल जन्मास आलें म्हणजे बाराव्या दिवशीं त्याचें बारसें होतें. आत्या पुढें येऊन त्याच्या कानांत नांव सांगते, आणि जमलेल्या बायकांना घुगऱ्या वांटल्या जातात. या विधीला नांव ठेवणें म्हणतात. पुढें तेंच मूल मोठें झालें, त्यानें घर बांधलें, लग्न केलें, पुस्तक लिहिलें, किंवा नुसता नवा सदरा शिवून घेतला, कीं लोक त्याला पुनः नांवें ठेवूं लागतात. पहिलें ठेवणें एकवचनी आणि एकदांच. दुसरें अनेकवचनी आणि जन्मभर पुरणारें. व्याकरणाचा काटेकोर विचार केला तर हा भेद सर्वत्र टिकत नाहीं, कारण उत्तम कामाविषयीं बोलतांना ‘नांव ठेवायला जागा नाहीं’ असें एकवचनही चालतें. तरी पण आशीर्वाद आणि दूषण हीं दोन्ही भाषेनें एकाच क्रियापदाच्या पोटांत घातलीं, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. दुसऱ्याचा दोष दाखविणें म्हणजे त्याला एक नवें नांव चिकटविणें, अशी कांहींशी समजूत या प्रयोगाच्या मुळाशीं असावी.

अशीं नांवें ठेवणाऱ्या माणसाला मराठीनें आपल्या परीनें पुष्कळ नांवें ठेविलीं आहेत. निंदक, कुटाळ, कुचाळखोर, चहाडखोर, चुगलखोर, छिद्रान्वेषी, किरकिऱ्या, हुज्जतखोर, खुसपटें काढणारा, चिकित्सक, आणि अलीकडच्या काळांत टीकाकार. हे सारे शब्द एका कोठारांतले नाहींत. कांहीं पाठशाळेंतून आले, कांहीं दरबारांतून, कांहीं सरळ खळ्यावरून आणि बैलबाजारांतून. आणि त्यांतल्या कित्येकांचा पूर्वेतिहास पाहिला तर असें आढळतें, कीं ते आरंभीं शिवी नव्हतेच. चांगल्या, किंबहुना मानाच्या कामाचे ते शब्द होते.

पाठशाळेपासून आरंभ करावयाचा तर अमरकोशापासून करावा लागतो. अमरसिंहानें दोष तेवढेच पाहणाऱ्या माणसाला ‘दोषैकदृक्’ आणि ‘पुरोभागी’ असे दोन शब्द जोडीनें दिले आहेत. पहिल्याचा अर्थ उघड आहे. दुसरा मात्र चमत्कारिक आहे. पुरोभागी म्हणजे शब्दशः पहिला वांटा घेणारा, पंक्तींत दुसऱ्यांच्या आधीं हात पुढें करणारा. अशा उतावळ्या माणसाचें नांव दोष पाहणाऱ्याला कां मिळालें? कोणाचेंही कृत्य समोर आलें कीं त्यांतला दोषाचा भाग हा सर्वांच्या आधीं उचलतो, असा कांहीं संबंध मनांत येतो. कालिदासानें शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत शार्ङ्गरवाच्या तोंडीं हा शब्द घातला आहे, आणि तोही कोणाविषयीं, तर राजानें नुकतीच अव्हेरलेली शकुंतला आश्रमवासीयांच्या मागें निघाली असतां, तिच्याविषयीं! दोष पाहण्यांत त्या क्षणीं सर्वांच्या पुढें कोण होता, हें वाचकाला सांगावें लागत नाहीं.

छिद्रान्वेषी हा शब्द तर मूळचा राजनीतींतला. शत्रूच्या राज्यांतलें दुबळें स्थान म्हणजे छिद्र. राजानें आपलें छिद्र कांसवाच्या अवयवांप्रमाणें झांकून ठेवावें आणि शत्रूचें शोधावें, हा उपदेश मनुस्मृतींत आहे आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही आहे. म्हणजे छिद्र शोधणें हें एके काळीं राजकर्तव्य होतें. तो शब्द पुढें किल्ल्याच्या तटावरून उतरून माजघरांत आला, आणि जावांजावांच्या बोलण्यांत वापरण्याजोगा झाला. शत्रूचें छिद्र शोधणारा मुत्सद्दी, आणि शेजाऱ्याचें शोधणारा छिद्रान्वेषी. कृति तीच, माणूस मात्र चुकीच्या ठिकाणीं पाहतो.

अमरकोशांत या दोन शब्दांच्या शेजारींच पिशुन आणि कर्णेजप हे शब्द येतात. कर्णेजप म्हणजे दुसऱ्याच्या कानाशीं लागून जप करणारा, अर्थात् चहाडखोर. यांतल्या पिशुन शब्दाची कथा थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण मराठींतलें दोषदर्शनाविषयींचें एक फार जुनें आणि फार सुंदर विवेचन या शब्दाच्या आधारानें झालें आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीचे जे गुण सांगितले आहेत त्यांत ‘अपैशुन’ हा एक आहे. मूळ श्लोकांत तो एकटाच शब्द. पुढें मागें कांहीं नाहीं. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्यें ज्ञानेश्वरांनीं त्या एका शब्दावर ओव्यांमागून ओव्या लिहिल्या.

ज्ञानेश्वरांचें म्हणणें असें, कीं दुसऱ्याचा दोष दिसत नाहीं असा साधु कोठेंच नाहीं. दोष सर्वांना दिसतो. प्रश्न त्याच्याकडे पाहण्याच्या रीतीचा आहे. ते दृष्टांत देतात तो एखाद्या सभ्य पुरुषाचा. रानांत कोणा पाप्यानें एका स्त्रीचें वस्त्र हरण केलें आहे, आणि हा त्या वाटेनें येतो. तो आधीं तिला वस्त्र देतो, ती नेसल्यावर मग तिच्याकडे पाहतो. त्याचप्रमाणें अपैशुन ज्याच्या अंगीं बाणलें आहे तो दुसऱ्याचें उणें आपल्या गुणानें आधीं भरून काढतो, आणि मग त्याच्यावर दृष्टि टाकतो. देवाची पूजा करून मग त्याला पाहावें, शेत पेरून मग तें पाहावयास जावें, तसें हें. पुढें ते आणखी एक बारीक गोष्ट सांगतात: अशा माणसानें कोणाच्या वर्मावर घाव घालूं नये, आणि दोष दाखविणाऱ्या नांवानें कोणाला हांक मारूं नये. बारशाच्या नांवाव्यतिरिक्त लोक जीं नांवें ठेवतात त्यांचा बंदोबस्त सातशें वर्षांपूर्वींच्या या ग्रंथांत इतक्या नेमकेपणानें केलेला आढळतो. याच ग्रंथाच्या शेवटीं ज्ञानेश्वरांनीं जें मागणें मागितलें त्यांतही खळांचा नाश मागितलेला नाहीं. त्यांचा वांकडेपणा तेवढा गळावा, एवढेंच मागितलें आहे.

समर्थ रामदासांची रीत निराळी. त्यांना एवढा धीर नव्हता, आणि त्यांच्यापुढचा समाजही निराळा होता. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. मूर्ख आणि पढतमूर्ख यांत आठ समासांचें अंतर ठेवण्यांत समर्थांचा हेतु काय असेल तो असो, पण दोष काढणाऱ्याला त्यांनीं नेमकें या दुसऱ्या वर्गांत बसविलें आहे. ग्रंथ समूळ पाहिल्याविना त्याला दूषण देणारा आणि गुण सांगूं गेलें तरी अवगुणच पाहणारा, तो पढतमूर्ख. जो दोष दुसऱ्यावर ठेवतो तोच आपल्यांत आहे हें ज्याला कळत नाहीं, तोही पढतमूर्खच. ग्रंथारंभींही त्यांनीं संपूर्ण न वाचतां दूषण ठेवणाऱ्याची अशीच संभावना केली आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांची अट अशी, कीं आधीं झांकावें आणि मग पाहावें. समर्थांची अट अशी, कीं आधीं संपूर्ण पाहावें आणि मग बोलावें. दोघांच्याही मतें दोष दाखविण्याचा अधिकार आधींच्या कांहीं कष्टानें मिळवावा लागतो. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

दरबारांतून आलेल्या शब्दांकडे वळलें तर तेथें ‘खोर’ हा फारसी प्रत्यय प्रथम दिसतो. त्याचा अर्थ खाणारा. चुगलखोर म्हणजे चुगली खाऊन जगणारा. मराठीला हा प्रत्यय इतका रुचला कीं तिनें तो आपल्या घरच्या शब्दांनाही लावून टाकला. चहाडखोर, भांडखोर, टवाळखोर ही सारी त्याचीच प्रजा. पण खरी मौज आहे ती तक्रार आणि हुज्जत या दोन शब्दांची. अरबी भाषेंत तक्रार म्हणजे केवळ पुनरुक्ति, एकच गोष्ट पुनः पुनः सांगणें. मराठींत तिचें गाऱ्हाणें झालें. ज्यांनीं कधीं एखाद्या कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या असतील त्यांना हा अर्थपालट समजावून सांगावा लागूं नये. हुज्जत हा शब्द तर अरबींत फार भारदस्त आहे. त्याचा अर्थ प्रमाण, पुरावा, निर्णायक युक्तिवाद. तोच मराठींत आल्यावर त्याचा अर्थ व्यर्थ वाद असा झाला, आणि प्रमाण मागणारा मनुष्य हुज्जतखोर ठरला. ‘पुरावा दाखवा’ असें म्हणणाऱ्याची समाजांत काय संभावना होते, याची ही एका शब्दांत सांगितलेली बखर आहे.

खळ्यावरचे आणि बाजारांतले शब्द मात्र प्रथमपासून रोखठोक आहेत. बैल विकत घेतांना गिऱ्हाईक त्याच्या पायांपासून शिंगांपर्यंत पाहतें आणि खोड काढतें, कारण खोड निघाली कीं भाव उतरतो. घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ ठरविण्याचीही रीत होती. या खोड काढण्यांत स्वार्थ असला तरी लबाडी नव्हती. विकणाराला आणि घेणाराला दोघांनाही ती ठाऊक असे. कुसळ म्हणजे गवताच्या किंवा कणसाच्या टोकाची अणकुचीदार बारीक काडी. धोतराला लागली तर चालतांना टोंचत राहते. दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ दिसतें पण स्वतःच्या डोळ्यांतलें मुसळ दिसत नाहीं, ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. मराठी बायबलांतही ख्रिस्ताच्या दृष्टांतासाठीं हीच कुसळमुसळाची जोडी योजिली आहे. खुसपट म्हणजे असाच काडीकचऱ्याचा कपटा. धान्य निवडणारी बाई सुपांतून खुसपटें काढते तेव्हां तिचें कोणी वाईट बोलत नाहीं. उलट तिनें तीं काढलीं नाहींत तर जेवणाराच्या दांतांखालीं येतात. परंतु तोच प्रयोग माणसाच्या बोलण्याला लावला कीं त्यांत तिरस्कार उतरतो. येथेंही कृति तीच आहे. फरक एवढाच, कीं सुपापुढें बसलेल्या बाईला शेवटीं धान्य हवें असतें, आणि खुसपटें काढणाऱ्या माणसाला खुसपटेंच हवीं असतात.

आतां या सर्वांत मोठा अर्थपालट ज्या शब्दाचा झाला त्या ‘टीका’ या शब्दाकडे यावें. संस्कृतांत आणि जुन्या मराठींत टीका म्हणजे अर्थविवरण. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. वामनपंडितांची यथार्थदीपिका ही दुसरी. टीकाकार हा ग्रंथाचा सेवक. मूळ ग्रंथांत जें गूढ असेल तें वाचकाला उलगडून दाखविणें हें त्याचें काम. आज मात्र एखाद्या विद्यार्थ्याला ‘ज्ञानेश्वरांनीं गीतेवर टीका केली’ असें वाक्य वाचावयास दिलें तर ज्ञानेश्वरांना गीतेंत काय खटकलें, असें तो विचारील, आणि त्यांत त्याचा अपराध नाहीं.

हें स्थित्यंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झालें. इंग्रजी शिकलेल्या पिढीला ग्रंथांच्या गुणदोषविवेचनासाठीं एक शब्द हवा होता, आणि हाताशीं असलेला टीका हा शब्द तिनें उचलला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं इ. स. १८७४ मध्यें निबंधमाला सुरू केली. तींत ग्रंथांवरील टीका हा विषय घेऊन त्यांनीं स्वतंत्र निबंधच लिहिला आहे. त्या घडीपासून टीकाकार ग्रंथाचा सेवक राहिला नाहीं; तो त्याचा न्यायाधीश झाला. मालेनें मराठी गद्याला जी शिस्त आणि जो पीळ दिला त्याचें ऋण मोठें आहे. तरी न्यायासनावर बसलेल्या त्या टीकेनें कोणाचा न्याय कसा केला, हेंही पाहिलें पाहिजे.

शास्त्रीबोवांनीं लोकहितवादींच्या शतपत्रांवर झोड उठविली, आणि जोतीराव फुले यांच्या लेखनाची तर मनसोक्त टवाळी केली. जोतीरावांचें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक इ. स. १८७३ चें, आणि सत्यशोधक समाजाची स्थापनाही त्याच वर्षाची. इ. स. १८४८ पासून ज्यानें पुण्यांत मुलींच्या आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या शिक्षणासाठीं देह झिजविला, त्याच्या पुस्तकांत मालाकारांना ठळकपणें दिसलें तें अशुद्ध मराठी आणि बिघडलेलें व्याकरण. जोतीरावांचा प्रश्न असा होता, कीं शूद्रातिशूद्रांना विद्येपासून दूर कोणीं ठेविलें. त्याचें उत्तर व्याकरणांत नव्हतें. किंबहुना ज्याला विद्या मिळूं दिली नाहीं त्याच्या वाक्यांत विभक्ति चुकली तर ती चूक त्याच्याच म्हणण्याचा पुरावा ठरते. पण हुज्जतीचा हा मूळ अर्थ त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. एक मोठा प्रश्न खुसपटांखालीं झांकून गेला, आणि पुण्याच्या सुशिक्षित वाचकवर्गानें बराच काळ तो झांकलेलाच राहूं दिला. विष्णुशास्त्री मार्च १८८२ मध्यें, ऐन बत्तिशींत वारले. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत जोतीरावांनीं हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलें, आणि प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षें वयापर्यंत सक्तीचें करावें अशी मागणी केली. तें निवेदन इंग्रजींत असल्यामुळें त्याच्या मराठीला नांवें ठेवण्याची सोय नव्हती.

योगायोग असा, कीं टीका कोठें संपते आणि निंदा कोठें सुरू होते हा प्रश्न त्याच वर्षीं मुंबईच्या कोर्टांतही उभा राहिला. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर आरोप करणारीं पत्रें छापल्याबद्दल केसरी आणि मराठा या पत्रांचे चालक आगरकर आणि टिळक यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. पत्रें बनावट ठरलीं, आणि दोघांनीं १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढले. हा खटला ज्या कायद्याखालीं चालला तो इ. स. १८६० चा दंडविधान कायदा २०२४ सालीं मागें पडला. परंतु अब्रुनुकसानीच्या कलमांत ग्रंथटीकेविषयीं त्यानें जीं उदाहरणें दिलीं होतीं तीं कोणाही साहित्यिकानें वाचावींत अशीं आहेत. अमक्याचें पुस्तक मूर्खपणाचें आहे, त्या अर्थीं तो दुर्बल बुद्धीचा असला पाहिजे, असें कोणी सद्भावनेनें म्हटलें तर तो गुन्हा नाहीं. पण अमका दुर्बल आणि दुराचारी आहे, तेव्हां त्याचें पुस्तक मूर्खपणाचें निघालें यांत नवल तें काय, असें म्हटलें तर मात्र ती सूट मिळत नाहीं. कारण हें मत पुस्तकावरून बनलेलें नाहीं. पुस्तकावरून माणसाकडे जाण्याची वाट कायद्यानें मोकळी ठेविली, आणि माणसावरून पुस्तकाकडे येण्याची बंद केली. समूळ ग्रंथ पाहिल्याविना बोलूं नये, ही समर्थांची अट इंग्रजी कायद्याच्या भाषेंत अशी पुनः अवतरली.

टीका शब्दाचे हे दोन्ही अर्थ पुढेंही कांहीं काळ शेजारीं शेजारीं नांदले. टिळकांचें गीतारहस्य १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत टीकाकार म्हणजे शंकराचार्य, रामानुजाचार्य आदि भाष्य करणारे पुरुष. आणि त्याच टिळकांच्या केसरींत टीका म्हणजे सरकारवर ओढलेला आसूड. पण हळूहळू दुसऱ्या अर्थानें पहिल्याला घराबाहेर काढलें. मग विवेचनासाठीं पुनः स्वच्छ शब्द हवा झाला, आणि समालोचन आलें, समीक्षा आली. या शब्दांनाही किती दिवस डाग लागणार नाहीं, तें काळच जाणे. याउलट चोखंदळ हा शब्द आपली अब्रू आजपर्यंत राखून आहे. चोखंदळ वाचक म्हटलें तर कोणालाही राग येत नाहीं. चोखंदळ माणूस चोख तें निवडतो आणि बाकीचें मुकाट्यानें तेथेंच ठेवतो, हें त्याचें कारण असेल.

शेवटीं राहिला चिकित्सक. चिकित्सा म्हणजे रोग्याची परीक्षा आणि उपचार. चिकित्सक म्हणजे वैद्य. मराठीनें हा शब्द वैद्याच्या घरून उचलून पंडिताच्या घरीं नेला. त्या अर्थाची चिकित्सा महाराष्ट्राला नवी नव्हती. शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळजवळ तीनशें वर्षें हातोहात नकला होत गेल्यामुळें पाठ बिघडले होते. नाथांनीं प्रती ताडून पाहिल्या, दोष काढले, आणि स्वतःची एकही ओवी आंत घालूं नये अशी तंबी पुढच्यांना देऊन ठेविली. ज्ञानेश्वरींत आपली ओवी घालणें म्हणजे अमृताच्या ताटांत नरोटी ठेवणें, असें ते म्हणाले. पुढें पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. डॉक्टर विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९२५ पासून १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत तिचें संपादन केलें, आणि काम पुरें झालें तें १९६६ मध्यें. देशभरच्या निरनिराळ्या लिपींतल्या शेंकडों पोथ्या एक एक शब्द ताडून पाहण्यांत सत्तेचाळीस वर्षें गेलीं. त्या आवृत्तींत संपादकांनीं जो पाठ ग्राह्य धरला नाहीं तो फेंकून दिलेला नाहीं. कोणत्या पोथींत तो सांपडला याच्या खुणेसह त्याच पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत छापून ठेविला आहे, म्हणजे संपादकाची चूक झाली असेल तर ती पुढच्या वाचकाला दाखवितां यावी. आणि त्याच पुण्यांत ताटांतली भाजी निवडून निवडून बाजूला सारणाऱ्या नातवाला आजी म्हणते, “काय चिकित्सक आहे मेला!”